ताण कोण देणार?

पाळीव पक्ष्यांची पैदास करावी का, असं कुणी विचारलं की जाणकार म्हणवणारे लगेच पिंजऱ्याचं माप सांगू लागतात, दाण्याचा भाव सांगतात, कोणत्या दुकानात जोडी चांगली मिळते ते सांगतात. ही सगळी सुरुवातीची माहिती झाली, आणि सुरुवात करण्यात अवघड असं काहीच नाही. जोडी हातात देताना विकणारा म्हणतो, "काही करा लागत नाही भाऊ, मटका टांगला का झालं." ऐकणाऱ्याला वाटतं, माल खपवायला बोलतो आहे. तसं नाही. बजरीगरच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे, आणि सगळी अडचण त्या खरेपणातच आहे.

बजरीगर म्हणजे तेच हिरवे-पिवळे, निळे-पांढरे, मानेवर बारीक रेघा असलेले चिमुकले पोपट, जे आपल्याकडे सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जातात. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. ते अंगाने भरलेले आणि आखूड शेपटीचे. पण बाजारात एकदा नाव पडलं की पडलं. पक्षी पाळू पाहणारे बहुतेक जण या बजरीगरपासूनच सुरुवात करतात, म्हणून मीही मुख्यतः त्याच्याबद्दलच बोलतो.

आता समजा, रामाकोन्यातला एक संत्रा बागाईतदार आहे. रामाकोना हे छिंदवाडा-नागपूर रस्त्यावरचं, कन्हान नदीकाठचं गाव. सिल्लेवानीचा घाट उतरला की छिंदवाड्याची गार हवा मागे राहते आणि नागपूरची हवा सुरू होते. सरकारी कागद हिंदीत, घरातलं भांडण मराठीत, असा हा पट्टा. २०२३ साली सौंसर आणि पांढुर्णा हे तालुके छिंदवाड्यातून निघून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला, तरी खरेदीला आणि दवाखान्याला लोकांची पावलं नागपूरकडेच वळतात. या गृहस्थाची पोरगी पक्षी मागते आहे, घरापुढे छपरी मोकळी आहे, आणि त्याच्या मनात येतं: आणायचेच तर चार जोड्या आणू, पिल्लं होतील, दोन पैसे सुटतील. त्याने ठरवायचं कसं?

माझं म्हणणं असं, की सुरू कसं करायचं हा प्रश्न त्याने बाजूला ठेवावा. थांबवायचं कसं, आणि ते आपल्याच्यानं होईल का, एवढंच स्वतःला विचारावं. हे उलटं वाटेल. म्हणून आधी या पक्ष्याच्या मुलखात जाऊन येऊ.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागात पावसाचा नेम नसतो. कुठे दोन वर्षं थेंब नाही, तर कुठे अवचित मुसळधार. बजरीगर तिथे मोठमोठ्या थव्यांनी पाण्याच्या मागे भटकत असतात. पाऊस झाला, गवत उगवलं, त्यात बी भरलं की झाडांच्या ढोल्या धरायच्या आणि अंडी घालायची. सुगी टिकली तर एक वीण संपताच दुसरी. मग पाणी आटतं, बी झडून जातं आणि सगळा कारभार आपोआप बंद होतो. पुढचा पाऊस कधी येईल ते ठाऊक नसल्यामुळे या पक्ष्याचं शरीर संधीची वाट पाहत तयारीत राहतं. ऋतू ठरलेला असलेल्या पक्ष्यांसारखं ते पूर्ण मिटून जात नाही. संधी मिळाली की भरभर उरकून घ्यायचं, हाच त्याचा जगण्याचा हिशेब. पुरे झालं, हे त्याला आतून कळावं अशी गरज तिथे कधी पडलीच नाही. ते काम दुष्काळ करत आला.

जॉन गूल्ड या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला आणले. युरोपात ते पिंजऱ्यात सहज वाढले आणि तिथून जगभर पसरले. आज आपल्या बाजारात दिसतो तो पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेला आहे. त्याच्या निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या छटा माणसाने निवडून काढलेल्या आहेत. रंग बदलले, शरीराचा हिशेब मात्र तोच राहिला.

असा पक्षी छपरीत आणून टांगला की काय होतं पाहा. वाटीत रोज ताजा राळा नि बाजरी. पाणी कधी आटत नाही. शेजारी नर आहे आणि दिवसभर गुणगुणतो आहे. नराचं हे गाणं नुसतं कानावर पडण्यानेही मादीच्या बीजांडकोशाला चालना मिळते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. वर एक अंधारी पोकळी, म्हणजे मटका. ऑस्ट्रेलियात हे सगळं एकत्र कधीतरी येतं, छपरीत ते बाराही महिने आहे. मादी विणत राहते. पाळणाऱ्याला वाटतं, पक्षी खूश आहेत, घर मानवलं. मादीच्या दृष्टीने ती न संपणारी सुगी आहे आणि तिला त्यातून बाहेर पडता येत नाही.

इथे रामाकोन्याच्या माणसाला मी काही नवीन सांगत नाही. संत्र्याचं झाड त्याने पाहिलेलं आहे. पाणी आणि खत सतत देत राहिलं तर झाड नुसतं पाल्यावर जातं, नाही तर वेळी-अवेळी थोडं थोडं फुलत राहतं. म्हणून बागाईतदार ताण देतो. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडायचं, मृग धरायचा तर उन्हाळ्यात. पानं मलूल होतात, काही गळतात. जमीन हलकी की भारी त्यावर ताण लवकर बसतो की उशिरा. मग ओलीत केलं की झाड एकदम फुलतं. पण या विद्येचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे: दोन्ही बहार एकाच झाडावर धरायचे नाहीत. आंबिया धरला तर मृगाचं फूल दिसलं तरी मोह आवरायचा. लोभ केलेल्या बागेत दोन-चार वर्षांत सल दिसू लागते, फळ बारीक होतं, झाड आतून वाळत जातं. पाणी हातात असलेला माणूस झाडाला पाणी देत नाही, आणि तोच चांगला बागाईतदार ठरतो. बजरीगरच्या बाबतीत त्याला हेच करायचं आहे. फरक एवढाच की दाणापाणी तोडून पक्ष्याला ताण देता येत नाही. त्याचा ताण म्हणजे मटका काढणं.

मटक्यात काय चाललेलं असतं, ते जरा जवळून पाहिल्याशिवाय हे पटायचं नाही. बजरीगरची मादी घरटं बांधत नाही, काडी-कापूस आणत नाही. मोकळ्या तळावरच अंडी घालते. दिवसाआड एक, अशी चार ते सहा. पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच ती बसते, त्यामुळे अठरा दिवसांनी पिल्लं निघायला लागतात तीही दिवसाआड. शेवटचं शेंगदाण्याएवढं गुलाबी पिल्लू बाहेर येतं तेव्हा पहिल्याचे डोळे उघडलेले असतात आणि ते त्याच्या कितीतरी पट मोठं झालेलं असतं. या सगळ्या काळात मादी बाहेर येते ती जेमतेम विष्ठेपुरती, आणि ती विष्ठाही नेहमीच्या चारपाच पट मोठी, कारण आत घाण नको म्हणून तिने ती धरून ठेवलेली असते. नर दाणे पोटातून काढून तिला भरवतो, ती पिल्लांना. मटक्याचा तळ गुळगुळीत असेल आणि त्यात भुसा घातला नसेल तर पिल्लांचे पाय फाकतात, बेडकासारखे दोन्ही बाजूंना, आणि आठवडाभरात लक्ष गेलं नाही तर ते कायमचे तसेच राहतात. बाजारात वर्षानुवर्षं मटकेच विकले जातात. तळाला खळगा कोरलेली लाकडी पेटी किती तरी बरी.

पिल्लं पाचेक आठवड्यांनी बाहेर पडतात. पण त्याच्या आधीच, धाकटी अजून मटक्यात असतानाच, मादीने दुसऱ्या विणीचं पहिलं अंडं घातलेलं असू शकतं. मग आतली पिल्लं तिला अडचण वाटू लागतात. ती त्यांची पाठीवरची पिसं उपटते, क्वचित डोक्यावर चोची मारते. लोक म्हणतात, मादी ‘खराब’ निघाली. तिला उसंत न मिळाल्याची ही खूण असते. प्रत्येक अंड्याच्या कवचाला लागणाऱ्या चुन्याचा काही भाग तिच्याच हाडांतून निघतो. समुद्रफेस पिंजऱ्यात लावला तरी लागोपाठच्या विणीत तो पुरा पडत नाही, आणि एखाद्या दिवशी ती पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली दिसते: अंडं आत अडकलेलं. असा पक्षी काही तासांतही जाऊ शकतो. त्या वेळी गाडी काढून नागपूर गाठायचं की कसं, हे ज्याने आधी ठरवलेलं नाही, त्याने पैदास करू नये. गुरांचे डॉक्टर जवळपास भेटतील, पण तीस-चाळीस ग्रॅमच्या जिवावर हात चालणारा डॉक्टर शोधावा लागतो. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे या पट्ट्याचं नशीब म्हणायचं.

थांबवायचं कसं, याला कौशल्य फार लागत नाही. वर्षाला दोन विणी, तिसरी नाही. दुसऱ्या विणीतलं शेवटचं पिल्लू स्वतः दाणा फोडू लागलं की पेटी उतरवायची, उकडलेलं अंडं आणि मोड आलेलं धान्य बंद करायचं, साधा आहार ठेवायचा, आणि नर-माद्या वेगळ्या करायच्या. मोठ्या पक्ष्यांत हे ओळखणं सोपं: चोचीच्या वर जी मेणासारखी पट्टी असते ती नराची निळी, मादीची तपकिरी किंवा फिकी. पांढऱ्या आणि पिवळ्या रंगाच्या जातींत आणि कोवळ्या पिल्लांत मात्र फसगत होते. नुसती मधे जाळी लावून भागत नाही, आवाज पलीकडे जातोच. तरी पेटी नसली तर बहुतेक वेळा निभावतं. जी मादी वाटीत किंवा कोपऱ्यात उघड्यावर अंडी घालू लागते, तिची अंडी लगेच काढायची नसतात. काढली तर ती भरपाई म्हणून आणखी घालते. खोटी किंवा उकडलेली अंडी खाली ठेवून तिला बसून बसून कंटाळू द्यायचं. हे सगळं जमायला वहीच लागते: कोणती जोडी, कितवी वीण, किती पिल्लं, कोणाचे आईबाप कोण. एका पिंजऱ्यात वीस पक्षी सोडून दिले, ज्याला कॉलनी म्हणतात, तर वही ठेवता येत नाही, आणि दोन वर्षांत भाऊ-बहिणींच्या जोड्या लागून पिल्लं किरकोळ होऊ लागतात. पैदास म्हणजे मुळात निवड, आणि निवड म्हणजे बहुतेकांना नाही म्हणणं. अकबराच्या दरबाराबरोबर वीस हजारांहून जास्त कबुतरं असत आणि तो त्यांच्या जोड्या ठरवून लावत असे, याचा उल्लेख डार्विननेही केला आहे. बादशहाला नको असलेली कबुतरं ठेवायला महाल होते. आपल्याकडे छपरी आहे.

त्या छपरीचंही पाहिलं पाहिजे. वर टिना असतील तर या मुलखात मे महिन्यात खालची हवा काय होते ते सांगायला नको. पारा पंचेचाळिसाला टेकतो. वाळवंटातला पक्षी आहे, सोसेल, असं कुणी म्हणेल. मोठा पक्षी सावलीत, पाणी असेल तर सोसतोही. मटक्यात एकमेकांवर बसलेली पाच पिल्लं सोसत नाहीत, ती गुदमरतात. आणि त्यांना भरवण्यासाठी भिजवलेलं धान्य सकाळचं दुपारी आंबतं. म्हणून रामाकोन्याचं वेळापत्रक पुस्तकातून घेता येत नाही. पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास पेटी लावावी आणि फाल्गुनाच्या आत उतरवावी. थंडीच्या कडाक्याच्या रात्री गोणपाट टाकून भागतं, लू लागली तर काही चालत नाही. म्हणजे निसर्गानेच अर्धं वर्ष ताण द्यायला सांगून ठेवलंय. आपण कूलर लावून तोही मोडायचा नाही, एवढंच.

आता चार जोड्या, दोन विणी, प्रत्येकी चार पिल्लं जगली असं धरा. वर्षाला बत्तीस. ही सावध पाळणाऱ्याची संख्या झाली. न थांबवणाऱ्याकडे तिसरी-चौथी वीण होते, आणि वर्ष सरायच्या आत पहिल्या पिल्लांच्या माद्याही अंड्यावर येतात. बत्तीस पक्ष्यांना बत्तीस घरं कुठे? मुलीच्या मैत्रिणी, सौंसरचे पाहुणे, शाळेतले सर, एवढ्यात आठ-दहा जातात. उरलेले नागपूरच्या दुकानदाराकडे. तो जोडीला काहीशे रुपयांना विकतो, आपल्या हातात त्याहून बरंच कमी ठेवतो, आणि बाजारात माल जास्त असला की नको म्हणतो. दाणा, समुद्रफेस, पेट्या, जाण्यायेण्याचं भाडं धरून या धंद्यात पैसा सुटत नाही. सुटतो तो डॉक्टर, जागा आणि उसंत या तिन्हींत काटकसर केली तरच. पक्षी स्वस्त असतो म्हणून त्याच्या आजारपणावर कुणी खर्च करत नाही. पक्ष्याच्या किमतीपेक्षा डॉक्टरची फी जास्त, असं सरळ म्हणतात लोक. जबाबदारीने करणाऱ्याला हा हिशेब आधीच तोट्याचा मांडावा लागतो, आणि तसा मांडूनही करावंसं वाटलं तर तो शौक. शौकाला माझी हरकत नाही.

जास्त झाले की सोडून द्यायचे, हा उपाय काही जण पुण्याच्या भावनेने करतात. पिवळाधमक बजरीगर कन्हानच्या काठी सोडला तर त्याचं काय होतं? त्याला या रानात दाणा कुठे मिळतो ते माहीत नाही, पाणी वाटीत असतं एवढंच माहीत आहे. रंग असा की शिक्रा आणि कावळे लांबूनच हेरतात. बहुतेक पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपतात. जगलाच तर परक्या मुलखातला पक्षी इथल्या रानात शिरतो, ते आणखी वाईट. अनावर झालेली पैदास सोडून देऊन थांबत नाही. मरण फक्त आपल्या छपरीबाहेर जातं.

मग थांबवणारं बाहेरचं कुणी आहे का? कायदा आहे, पण तो नेमका इथेच हात आखडतो. आपला राघू, म्हणजे मक्याच्या कणसावर थव्याने उतरणारा आणि त्याच गावात ‘मिठू मिठू’ म्हणून पिंजऱ्यात दिसणारा हिरवा पोपट, वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तसाच मोठा पहाडी, तसाच जांभळ्या डोक्याचा, तशाच मुनिया. हे पाळणं, विकणं, त्यांची पैदास करणं, सगळंच गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याबद्दल ठरवायचं काही उरत नाही. घरात पूर्वीपासून असेल तर वन विभागाला कळवायचं. परदेशी पक्ष्यांसाठी २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या यादीवर बेतलेली नवी चौथी अनुसूची आली. सन कॉन्युरसारखे त्यातले पक्षी घरात असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंद करावी लागते. आफ्रिकन ग्रेसारखा त्या यादीच्या पहिल्या परिशिष्टातला पक्षी पैदाशीला लावायचा तर वेगळा परवाना. रामाकोन्याला यातली गंमत अशी, की महाराष्ट्राचं वनभवन जवळच्या नागपुरात आहे आणि आपला अर्ज मात्र भोपाळकडे जातो. पक्षी सीमा ओलांडून नागपूरला विकायला नेला की दोन्हीकडचे कागद नीट हवेत.

बजरीगर, कॉकाटेल आणि गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड यांना या यादीतून सूट आहे. कारण सरळ आहे: आंतरराष्ट्रीय व्यापाराची ही यादी रानातला पक्षी वाचवण्यासाठी केलेली, आणि रानात यांना पिंजऱ्याच्या व्यापाराचा धोका उरलेला नाही. म्हणजे जो पक्षी सगळ्यात भरभर विणतो, जो सगळ्यात जास्त घरांत जातो, त्याच्या विणीची मोजदाद कुठेच होत नाही. दुकान टाकायचं तर २०१८ चे पेट शॉप नियम लागतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा तर सगळ्याच प्राण्यांना आहे, आणि पुरेशी हालचाल न करता येणारा पिंजरा हा त्यात गुन्हा धरला आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ साली एका आदेशात पक्ष्यांना आकाशात उडण्याचा हक्क आहे, असंही म्हटलं. पण छपरीतली तिसरी वीण थांबवायला कुणी निरीक्षक येणार नाही. ऑस्ट्रेलियात ते काम दुष्काळ करायचा. इथे त्या जागेवर एकटा पाळणारा उरतो.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग पैदास करूच नये असं सरळ सांगा ना. मी तसं सांगत नाही. पिंजऱ्यात जन्मलेल्या पक्ष्याला दुसरं घर नाही, आणि लोक तो पाळत राहणार. त्यांना पक्षी मिळणार तो अंधाऱ्या गोदामात शेकड्याने विणवलेला, की आईबाप माहीत असलेला, उसंत घेतलेल्या मादीचा, हा फरक मोठा आहे. एखाद्या गावात असा एक माणूस असला तर आसपासच्या दहा घरांतले पक्षी बरे जगतात, कारण विकल्यावरही लोक त्यालाच विचारायला येतात: चोच वाढली, काय करू? पंख गळाले, काय करू? पण तो माणूस आपण आहोत का, हे तपासायला एक साधी रीत आहे. पक्षी आणावेत, आणि पहिलं वर्ष पेटी लावूच नये. नुसते पाळावेत. मोठा, लांबट पिंजरा, सकाळी दाण्याची टरफलं फुंकून वाटी भरायची, कारण वरवर भरलेली दिसणारी वाटी बरेचदा नुसत्या टरफलांची असते. पालक, कोथिंबीर, गाजर खायची सवय लावायची, कारण नुसत्या दाण्यावर अ जीवनसत्त्वाची तूट पडते. पोळ्याला, लग्नाला, जाम सावळीच्या मारुतीच्या दर्शनाला गेल्यावर घरी कोण बघतं, ते कळतं. सहसा बायको बघते, आणि पक्षी आणायचं ठरवताना तिला कुणी विचारलेलं नसतं. घरात दम्याचं माणूस असेल तर पिसांच्या भुकटीचा त्रास दिसून येतो. पक्ष्यांपासून माणसाला होणारा एक फुफ्फुसाचा ताप आहे, सिटॅकोसिस. पिंजरा साफ करताना तोंडाला फडकं बांधायची सवयही या वर्षात लागते.

वर्ष गेल्यावर कंटाळा आला असेल तर काही बिघडलं नाही: पक्षी आठ, ते आठच आहेत. आणि पिल्लांशिवायही ज्याला त्यांचं गुणगुणणं, भांडणं, एकमेकांची मान खाजवणं पाहत बसावंसं वाटलं, त्याच्या हाती पेटी द्यायला मला भीती वाटत नाही. ज्याला या वर्षभरात सारखं वाटत राहिलं की नुसतेच पोसतोय, यातून निघत काहीच नाही, त्याने मात्र पेटी आणू नये. दुसरी वीण झाल्यावर त्याचा हात पेटी उतरवायला उठणार नाही.

गिऱ्हाईक दारात येतं तेव्हाही हीच परीक्षा होते. त्याला जोडीच हवी असते, वर मटका फुकट. त्याला दोन नर घ्यायला सांगून पाहावं. दोन नर एकमेकांशी छान राहतात, गातात, आणि वाढत नाहीत. निम्मे लोक तोंड वाकडं करून जातात. बाजारात त्यांना जोडी मिळतेच. जे ऐकून घेतात, का म्हणून विचारतात, त्यांना पक्षी द्यावा, आणि नाही निभावलं तर परत आणून द्या, असं सांगावं. परत आलेल्यांसाठी एक पिंजरा रिकामा ठेवावा लागतो. तो सदा रिकामा राहील अशी आशा धरून चालत नाही.

बजरीगर जमला की बहुतेकांची नजर कॉकाटेलवर जाते. शिटी वाजवतो, खांद्यावर बसतो, तुरा आहे, किंमतही बरी येते. त्याच्याही विणीची गोष्ट वेगळी नाही. तोही ऑस्ट्रेलियाचाच, तोही पावसाच्या मागे जाणारा. वेगळं आहे ते आयुष्य. बजरीगर पाच ते दहा वर्षं, कॉकाटेल पंधरा ते वीस. आपला बागाईतदार आज पंचेचाळिशीचा असेल तर त्याच्या हातची शेवटची पिल्लं आणि परत आलेले पक्षी तो साठी-पासष्टीत सांभाळत असेल. पोरगी तोवर सासरी किंवा नोकरीला, बहुधा पुण्याकडे किंवा हैदराबादला. तेव्हा हे कुणाकडे जाणार, हे जेवताना सगळ्यांसमोर विचारून घ्यावं. मुलांनी नाही म्हटलं तर कॉकाटेलचा विषय तिथेच मिटतो. बजरीगरचा राहतो, आणि त्याचं उत्तर पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला दिलं तरी चालतं.